दोनशे सतरा, पाळणाघर

प्रिय भोंगू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. बाबा आणि पत्र! फोन हाताशी असताना या माणसाला हे काय सुचलं? पण आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. कसा आहेस, बरा आहे, तुम्ही कसे, मजेत, थांब हं आईला देतो. एवढ्या वर्षांत यापुढे आपली गाडी सरकलेली नाही. मला जे सांगायचंय ते एवढ्यात मावणारं नाही, आणि पलीकडून तू नुसता हं हं करत राहिलास तर माझा धीरच सुटेल. म्हणून टेबलावरचा पसारा बाजूला सारून, चष्मा पुसून, सकाळी दहालाच लिहायला बसलोय. अक्षर लागलं नाही तर सूनबाईकडून वाचून घे. तिने वाचावंच, माझी हरकत नाही.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत. माझा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, पण सपाटीवर गप्प असतो. तुझ्या आईने चष्म्याचा नंबर बदलून घेतला, त्यामुळे माझ्या दाढीतले राहून गेलेले केस तिला आता खोलीच्या त्या टोकावरून दिसतात. सकाळी मी फिरून येतो, येताना दूध आणि भाजी आणतो, भाजी चुकीची निघते, बोलणी खातो. दिवस छान चाललेत. तुमच्या छकुलीचे फोटो आईने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत, त्यामुळे दिवसातून दहादा कपाट उघडलं जातं आणि विचारलं की म्हणते, रुमाल शोधतेय.

आता तुझ्या फोनबद्दल. नऊ दिवसांपूर्वी तू आईशी बोललास तेव्हा स्पीकर चालू होता आणि मी शेजारी बसून मटार सोलत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. सूनबाईची रजा महिनाअखेरीला संपतेय. तिच्या कंपनीत पाळणाघर नाही, कारण पन्नास बायका कामाला असल्या की पाळणाघर काढावंच लागतं असा तिथला नियम आहे, आणि कंपनीने बायकांची भरती बरोबर एकोणपन्नासवर आणून थांबवलीय. हे ऐकून मी दाणे सालांच्या टोपलीत आणि सालं दाण्यांच्या भांड्यात टाकायला लागलो. नियम करणाऱ्यांना वाटलं असेल, चला, बायकांची सोय केली. झालं काय, तर पन्नासावी बाई दाराबाहेरच राहिली! अरे, बायका कशाला मोजता, पोरं मोजा की. आणि पोरांना काय नुसत्या आयाच असतात? असो. पुढे तू म्हणालास की तुझ्या ऑफिसात पाळणाघर आहे, सहा महिने झालेल्या बाळांना घेतात, आणि या वर्षीपासून पुरुषांनाही आपलं मूल तिथे ठेवता येतं. पण अजून एकाही पुरुषाने नाव घातलेलं नाही, आणि पहिलाच आपण जाऊन उभं राहायचं म्हणजे बरं दिसत नाही. आणि मग तू म्हणालास, आई, तूच ये ना वर्ष-दोन वर्षं, तशीही तू आता मोकळीच असतेस.

आई एका क्षणात हो म्हणाली. हो म्हणणारच. फोन ठेवून तिने स्टूल घेतलं आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. तू तिला कामाला जुंपतोयस असं मी म्हणत नाही, तुझी अडचण खरीच आहे. पण ती मोकळी नाहीये रे. तुला भेटल्यावर तोंडी सांगायचं म्हणून तिने एक गोष्ट पोटात ठेवली होती. आपल्या घराच्या मागे दोन गल्ल्या सोडून मुलींसाठी एक प्रशिक्षण केंद्र निघालंय. तिथल्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. बारीक जोडकाम आणि तपासणी शिकवायला कोणी कसलेल्या हाताचं माणूस हवं होतं आणि जुन्या कारखान्यात चौकशी केल्यावर तिघांनी तुझ्या आईचंच नाव सांगितलं. आठवड्यातले तीन दिवस, बारा मुली, येत्या एक तारखेपासून. तिने एक जाडजूड वही आणलीय. रोज दुपारी टेबलाशी बसून धड्यांची टाचणं काढते, चिमटा कसा धरायचा त्याची चित्रं काढते, आणि मला मुलगी समजून शिकवून बघते. परवा मला म्हणाली, तुमचं लक्ष नाही, बाहेर उभे राहा. तर तुझ्या फोननंतर तिने त्याच वहीतला एक कागद फाडला, केंद्रातल्या बाईंना चार ओळी लिहिल्या की घरच्या अडचणीमुळे जमणार नाही, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. फिरायला जाल तेव्हा वाटेत टाका. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

इथे मला बत्तीस वर्षं मागे जावं लागेल. ही गोष्ट तुझीच आहे, फक्त तू तेव्हा नऊ महिन्यांचा होतास आणि तुझं सगळं लक्ष पायाचा अंगठा तोंडात घालण्याकडे होतं.

आम्ही दोघं विजेच्या मीटरच्या कारखान्यात होतो हे तुला माहीतच आहे. मी प्रेस खात्यात, पत्रा दाबून मीटरच्या पेट्या काढायचो. आई जोडणी खात्यात. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना टेबलं, प्रत्येकीच्या डोक्यावर एक दिवा आणि हातात चिमटा. मीटरच्या आतली तबकडी बसवायची तर हात जरासुद्धा थरथरून चालत नाही. तुझ्या आईने बसवलेली तबकडी एका फुंकरीत फिरायची. आणि नजर तर विचारू नकोस. ओळीने पन्नास मीटर चालू असले आणि त्यातला एक केसभर मागे पडत असला, तर तो तिला नुसता बघून कळायचा. तुझ्या वेळची, बिनपगारी वाढवून घेतलेली रजा संपवून ती परत आली तेव्हा तपासनीसाची एक जागा रिकामी होणार होती. तीन महिने तुमचं काम बघू आणि मग ठरवू, असं साहेबांनी तिला सांगितलं. त्या संध्याकाळी तुला कडेवर घेऊन तिने स्वयंपाकघरात दोन गिरक्या मारल्या, आणि तू तिच्या खांद्यावर ओकलास.

पाळणाघर कँटीनच्या मागे होतं. दोन खोल्या, वीसेक पोरं, तीन मावश्या. त्यातल्या मोठ्या मावशी म्हणजे तिथल्या मुख्य. चणीने एवढ्याशा, पण दरारा असा की साहेबसुद्धा बूट बाहेर काढून आत जायचे. तिथली पद्धत अशी होती की बाळाच्या झबल्याला पाठीमागे एक कापडी पट्टी टाचायची आणि त्यावर त्याच्या आईचा बिल्ला नंबर लिहायचा. पाजायला जायच्या दोन सुट्ट्या ठरलेल्या असत, त्यांचं काही नाही. पण मध्येच बाळ आकांत करायला लागलं, ताप चढला, ओकलं, की मावशी टेलिफोनवाल्या बाईंना नंबर कळवायच्या आणि अख्ख्या कारखान्यातल्या लाउडस्पीकरवर पुकारा व्हायचा, नंबर अमुक अमुक, पाळणाघर. ती बाई उठून जायची, आणि जोडणी खात्याच्या दाराशी एक वही असायची त्यात सुपरवायझर लाल शाईने लिहायचा की अमक्या नंबरने इतके वाजता जागा सोडली. आणि तू, लेका, त्या पाळणाघरातला सगळ्यात मोठा भोंगा. हे नाव मोठ्या मावशींनीच ठेवलं, आम्ही नुसतं लाडाने वळवून घेतलं. पहिल्या पंधरा दिवसांतच आईला तुझ्यापायी सात पुकारे झाले.

मग आली महिन्याची पहिली तारीख. त्या दिवशी आईला तपासणीचं काम बघायला तासभर आधी बोलावलं होतं, म्हणून तुला पोचवायची कामगिरी माझ्यावर आली. पहिल्या तारखेला मावशी सगळी यादी नव्याने करायच्या, जुन्या पट्ट्या धुवायला टाकून नव्या टाचायच्या. दारात ही रांग, सगळ्या बायका, आणि मधोमध मी एकटा बाप्या, एका हातात तू आणि दुसऱ्या हातात दुपट्यांची पिशवी. माझी पाळी आली. मावशींनी मान वर न करता विचारलं, नंबर? आणि मी ठोकून दिलं, दोनशे सतरा. अरे, गेटवर, टाइम ऑफिसात, कँटीनच्या खिडकीशी, दवाखान्यात, जिथे तिथे नंबर विचारला की माझ्या तोंडातून स्वतःच्या बिल्ल्याशिवाय दुसरं काही निघायचंच नाही. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तेच सांगितलं असतं. आपण काय केलं हे माझ्या ध्यानातही आलं नाही. तुला टेकवला आणि पळत जाऊन प्रेस सुरू केली.

अकराच्या सुमाराला लाउडस्पीकर खरखरला. दोनशे सतरा, पाळणाघर. मी ऐकलं आणि तसाच काम करत राहिलो, कारण पाळणाघर म्हटलं की आमच्या खात्यात कोणी कान द्यायचंच नाही. परत पुकारा झाला. शेजारच्या प्रेसवर आमचा जाड्या होता, तो माझ्याकडे बघून म्हणाला, अरे, तुला बोलावतायत, तुझं दूध पाजायचं राहिलं वाटतं. अख्खं खातं हसलं. मी मात्र प्रेस बंद केली. मला वाटलं, तुला काहीतरी झालंय. तेलकट हातांनी धावत सुटलो. पाळणाघराच्या दारात मावशींनी अडवलं. आधी हात धुवा, कोपरापर्यंत. भुसा लावून, साबण लावून दोनदा हात धुतले, तोपर्यंत जीव टांगणीला. आत जाऊन बघतो तर तुला काहीही झालेलं नव्हतं. तू नुसता रागावला होतास. कोणीतरी तुझा खुळखुळा घेतला होता.

मी म्हटलं, मावशी, चूक झाली, हिचा नंबर तीनशे चाळीस. मावशींनी शांतपणे यादी दाखवली. यादी टाइम ऑफिसात गेली होती, टंकून झाली होती, एक प्रत टेलिफोनवाल्या बाईंच्या टेबलावर चिकटली होती. आता बदल पुढच्या पहिल्या तारखेला, फॉर्म भरून. तोवर मूल दोनशे सतराचं. त्यांनी तुला माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, पंधरा मिनिटं फिरवा, तुमचाच आहे ना? मी तुला खांद्यावर टाकून कँटीनच्या मागच्या पडवीत येरझाऱ्या घातल्या. काय करावं कळेना, म्हणून तोंडाने प्रेसचा आवाज काढला, ठक ठक सुस्स, ठक ठक सुस्स. तू एकदम गप्प. माझ्या तोंडाकडे बघत राहिलास आणि नाकात बोट घातलंस, माझ्या. भोंगू, खरं सांगतो, त्याआधी नऊ महिन्यांत मी तुला इतका वेळ एकट्याने कधी घेतलाच नव्हता. रडलास की आईकडे द्यायचो.

त्या महिन्यात मला अकरा पुकारे झाले. आईला एकही नाही. ती ठरल्या वेळी पाजून यायची आणि बाकीचा दिवस मीटरांपुढे बसायची. घरी येऊन हसायची, म्हणायची, आज दोनशे सतराची बरीच धावपळ ऐकली. त्या महिन्यात तिने तपासलेला एकही मीटर परत आला नाही. आणि माझं काय झालं म्हणशील, तर काहीच नाही. ही गंमत मला तेव्हा कळली. आमच्या प्रेस खात्यात जागा सोडल्याची वहीच नव्हती! आम्ही बाप्ये दिवसातून दहादा बिडी ओढायला, पाणी प्यायला, गप्पा छाटायला बाहेर जायचो, ते लिहून ठेवावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. उलट तिसऱ्या आठवड्यात फोरमनने माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, पोरावर केवढा जीव आहे तुझा. तेच पोर, त्याच हाका. आई उठली की तिचं कामात लक्ष नाही, आणि मी उठलो की काय प्रेमळ बाप! मला तेव्हा त्याची चीड यायला हवी होती. मी आपला खूश होऊन घरी आलो.

इथपर्यंतची गोष्ट मी चारचौघांत पुष्कळदा सांगितलीय. तूही ऐकली असशील, तू पहिलीत असताना आणि जाड्याच्या मुलीच्या लग्नात. पुढची कोणालाच सांगितली नाही.

महिना संपायला दोन दिवस होते. मोठे साहेब बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन कारखाना दाखवत होते. आमच्या खात्यात आले, माझ्याच प्रेसपाशी थांबले, आणि तेवढ्यात लाउडस्पीकर, दोनशे सतरा, पाळणाघर. पाहुण्याने विचारलं, हे काय? जाड्याने तोंड उघडलं, म्हणाला, साहेब, ही आमच्या खात्यातली आई. सगळे हसले, मोठे साहेबही हसले. कोणी वाईट बोललं नाही, नुसते हसले. पण माझे कान तापले. तेव्हा मला बढती देऊन चार्जमन करणार अशी कुजबुज होती, आणि माझ्या डोक्यात एकच घुसलं, की साहेबांनी आता मला असाच लक्षात ठेवला. संध्याकाळी पाळणाघरात जाऊन मी फॉर्म मागितला. एका ओळीचा फॉर्म. जुना नंबर, नवा नंबर, बदलाचं कारण. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, चुकून. मावशींनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं. शिक्का मारला.

आईला मी सांगितलं नाही. पहिल्या तारखेला तीनशे चाळीसचा पुकारा झाला तेव्हा तिला वाटलं, टाइम ऑफिसाने आपणहून चूक सुधारली. आणि त्याच महिन्यात तुला दात यायला लागले. चौदा पुकारे! चौदाच्या चौदा लाल शाईत. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ती जागा दुसऱ्या बाईंना मिळाली, त्यांची मुलं मोठी झाली होती. तुझ्या आईला सांगितलं, काम उत्तम, पण वारंवार जागा सोडता. त्या दिवशी ती घरी आली, तुझी दुपटी धुतली, वाळत घातली, आणि मग मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडली. मी शेजारी बसलो. आणि काय केलं माहीत आहे? साहेबांना शिव्या घातल्या. असलेच हे लोक, बायकांची कदर नाही यांना, असं तोंड वर करून बोललो. ती मान हलवत राहिली. भोंगू, त्यानंतर ती तपासनीस झालीच, पण सात वर्षांनी, आणि तोवर तिच्या मागून आलेल्या दोघी तिच्या वरिष्ठ झाल्या होत्या. ती कधी कुरकुरली नाही.

मावशींनी मात्र प्रकरण सोडलं नाही. त्यांनी कामगारांच्या कमिटीपुढे विषय आणला की पट्टीवर दोन्ही नंबर लिहा, एकदा आईला बोलवा, एकदा बापाला, बाप दुसरीकडे कामाला असेल तर तिथे फोन करा, आणि जागा सोडल्याची वही एक तर सगळ्या खात्यांत ठेवा नाहीतर कुठेच ठेवू नका. मी त्या कमिटीवर होतो. पहिल्या वेळी मी मूग गिळून बसलो, आणि विषय पडला. मावशींनी तो पुढच्या वर्षी आणला, त्याच्या पुढच्याही वर्षी आणला. तिसऱ्या वेळी मात्र मी उभा राहिलो. सांगितलं की मी एक महिना करून बघितलंय, प्रेस खात्याचं एक पेटीभरही काम कमी झालं नाही, आणि आमच्या खात्यात ती वही ठेवलीत तर अर्धं खातं लाल होईल. हशा पिकला, पण ठराव झाला. वही बंद झाली, पट्टीवर दोन नंबर आले. तू तेव्हा बालवाडीत जायला लागला होतास, तुझ्या आईच्या काही उपयोगाचं नव्हतं ते. पण वर्षभरात जाड्याला जुळ्या मुली झाल्या आणि मग पुकारा कोणाचा होतो हे विचारायलाच नको. पळताना त्याचं पोट आधी पोचायचं. पाळणाघराच्या पडवीत दुपारी चार-पाच बाप्ये पोरं खांद्यावर टाकून फिरताना दिसायला लागले, आणि कोणाला त्याचं काही वाटेनासं झालं. निवृत्त होताना मला कारखान्यातलं जे काही आठवलं त्यात ते दृश्य होतं. तिथे माझा थोडाफार हात लागला याचं समाधान आहे, ते मी नाकारत नाही. पण कमिटीतही मी फक्त त्या एका महिन्याबद्दल बोललो. फॉर्मबद्दल नाही.

तर ती चिठ्ठी. मी रोज फिरायला जात होतो, केंद्राच्या दारावरून जात होतो, आणि चिठ्ठी खिशातच राहत होती. धुवायला शर्ट बदलला की ती दुसऱ्या शर्टात. पाचव्या दिवशी दुपारी आई वहीतली चित्रं कापून ठेवत होती, म्हणाली, केंद्रातल्या बाईंकडून काहीच निरोप नाही, तुम्ही चिठ्ठी दिलीत ना? मी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. आणि मग सगळं सांगून टाकलं, पाहुणे, जाड्या, फॉर्म, शिक्का. सांगताना माझी काय भंबेरी उडाली ते विचारू नकोस. तिने कात्री खाली ठेवून सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, कारणाच्या रकान्यात काय लिहिलं होतंत? मी म्हटलं, चुकून. ती हसली. बराच वेळ हसली आणि हसता हसता उठून आत गेली, आणि पुढचा दीड दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, मला इतकी वर्षं वाटत होतं की मीच कुठेतरी कमी पडले, दुसरी बाई असती तर तिने पोर आणि मीटर दोन्ही सांभाळलं असतं. एवढंच म्हणाली. मला त्याहून मोठी शिक्षा कोणी दिली नसती. मी माफी मागितली, रडलोही, आता तुझ्यापासून काय लपवायचं. मग तिने ती चिठ्ठी उचलली, फाडली, आणि म्हणाली, आता तुम्हीच जा.

हे पत्र त्यासाठी. आई येणार नाही, मी येतोय. महिनाअखेरीच्या गाडीचं तिकीट काढलंय. छकुलीला सहावा महिना लागायचाय, म्हणजे तुझ्या ऑफिसातलं पाळणाघर तिला घेईपर्यंत बरोबर एक महिना मी तिच्यापाशी राहीन. गेले तीन दिवस आई मला रोज तासभर शिकवतेय. टॉवेलची गुंडाळी करून बाळ केलंय, ते मी दोनदा पाडलं, पण काल पाडलं नाही. दूध किती कोमट हवं ते मनगटावर बघायला शिकलोय. सूनबाईला म्हणावं, निर्धास्तपणे कामावर जा, चुका झाल्या तर तुम्हा दोघांना फोन करीन, आधी तुझ्या नवऱ्याला. त्या महिन्यात तू तुझ्या ऑफिसात जाऊन छकुलीचं नाव घाल, तुझ्या नावावर. लोक हसतील. आठ-दहा दिवस हसतील. मी त्या हसण्याला भ्यालो आणि तुझ्या आईची सात वर्षं गेली, आणि तू तर माझ्यापेक्षा कितीतरी शहाणा आहेस. तू घाबरलास तर मी स्वतः तुझ्याबरोबर ऑफिसात येऊन रांगेत उभा राहीन, मग बघ काय शोभा होते ती! आणि एक काम कर. एक तारखेला संध्याकाळी आईला फोन कर. बाळाचं काही सांगू नकोस, माझं गाऱ्हाणं करू नकोस. वर्गातला पहिला दिवस कसा गेला, एवढंच विचार, आणि ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घे.

तुझाच, आणि येता महिनाभर तुझ्या लेकीचा,
बाबा